वाकडे अंगण

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या भाषेसाठी गळा काढावा, हा आता एक रूढ शिष्टाचारच होऊन बसला आहे. चार कुटुंबे एकत्र जमली, पोहे झाले, बदल्याबढत्यांच्या वार्ता झाल्या, की चहाच्या दुसऱ्या पेल्याबरोबर हा विषय निघतो आणि सर्वांचे एकमत होऊन संपतो. त्या मैफलीत आम्हीही अनेकदा सूर मिळविलेला आहे, हे प्रथमच कबूल करतो. परंतु गेल्या गणेशोत्सवापासून आमचा तो सूर बिघडला आहे. तो का बिघडला हे स्पष्ट सांगितल्याने काही स्नेहीजन दुखावले जाणार असतील, तर त्यास आमचा नाइलाज आहे.

घडले ते असे. भिलाईतील आम्हां काही मराठी मंडळींनी उत्सवाची एक लहानशी स्मरणिका काढण्याचे ठरविले. लेख, कविता, आठवणी, पाककृती, जे येईल ते घ्यावयाचे. टंकलेखनाचे काम अर्थातच आमच्या गळ्यात पडले. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून. ‘तुमचा हात बसलेला आहे’ एवढे प्रशस्तिपत्र अशा प्रसंगी पुरते. एकंदर सत्तावीस लेख आले. त्यांपैकी चौदा मोबाईलवरून रोमन अक्षरांत लिहून पाठविलेले होते. तीन लेखकांनी लिहिण्याचा त्रासच न घेता आपले साहित्य बोलून, ध्वनिमुद्रित करून पाठविले. नऊ लेख देवनागरीत होते. आणि एक, केवळ एक, कागदावर शाईने लिहिलेला होता.

त्या नऊ देवनागरी लेखांनी आमची झोप उडविली. रोमन लेख निदान आपण परके आहोत हे लपवीत नव्हते. हे नऊ मात्र मराठीचा वेष घेऊन आले होते. एका भगिनींनी आपल्या आईच्या हातच्या ‘पुरणपोली’ची हृद्य आठवण लिहिली होती. एका कवीने ‘संध्याकाल’ रंगविली होती आणि त्या कवितेत प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘वेल’ निघून जात होती. हरिश्चंद्रगडाची भटकंती सांगणाऱ्या एका अभियंत्याने वाटेत तीन ‘दर्या’ ओलांडल्या होत्या. सह्याद्रीत समुद्र कोठून आला, असे क्षणभर आम्हांसही वाटले. आणि कार्यवाहांच्या निवेदनात उत्सवाचे तीन दिवस चुलीपुढे राबलेल्या ‘आचार्यांचे’ आभार मानलेले होते. आचाऱ्यांना ते वाचून दाखविले तेव्हा ते संकोचले.

मजकूर दुरुस्त करण्यापूर्वी आम्ही तो बैठकीत ठेवला. तेथे दोन पक्ष पडले. आमचे एक वयोवृद्ध स्नेही, निवृत्त अधिकारी, आणि शाईने लिहिलेल्या त्या एकमेव लेखाचे लेखक, म्हणाले, “अहो, यंत्राला मराठी येतच नाही. म्हणून तर आम्ही अजून पेन सोडलेले नाही. साहित्य हे हाताने लिहावयाचे असते. कळा बडवून होते ती बिले.” दुसरा पक्ष तरुणांचा. त्यांचे म्हणणे, “अर्थ कळला ना? मग लिपीचा एवढा आग्रह कशाला? भाषा महत्त्वाची.” तासभर वाद झाला आणि अखेर दोन्ही पक्षांचे एका मुद्द्यावर मतैक्य झाले : दोष यंत्राचा. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडे ठरले, आणि पोहे आले.

आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. कारकुनाला बैठकीत गप्प राहण्याची सवय असते. जे तेव्हा बोललो नाही ते येथे लिहितो.

यंत्राला मराठी येत नाही हे विधान इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकता कुणासच वाटत नाही. वस्तुस्थिती अशी आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा कळफलक १९८६ मध्ये निश्चित केला आणि १९८८ मध्ये तो सुधारून घेतला. १९९१ च्या भारतीय मानकातही तो आला. ह्या कळफलकात स्वर डाव्या हाताखाली व व्यंजने उजव्या हाताखाली आहेत. ज्या कळेवर ‘ल’ आहे तिच्यावरच, शिफ्टची कळ धरली असता, ‘ळ’ आहे. ज्या कळेवर ‘र’ आहे तिच्यावरच त्याच रीतीने ‘ऱ’ आहे. त्याचा पाय मोडून ‘य’ जोडला की ‘दऱ्या’ होतात आणि समुद्र ओसरतो. म्हणजे आमच्या कविमित्रांनी ‘वेल’ लिहिताना ज्या कळेवर बोट ठेवले, तिच्याच पोटात ‘ळ’ जवळजवळ चाळीस वर्षे त्यांची वाट पाहत बसलेला होता. राहता राहिला ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमालाही प्रमाणित करून दिली. (‘ल’ आणि ‘श’ ह्यांच्या मराठी-हिंदी वळणांचा वाद आम्ही येथे काढीत नाही. घर जळत असता तोरणाची चर्चा करू नये.)

बरे, हे यंत्र कुणी परक्याने आपल्या माथी मारले म्हणावे, तर तेही नाही. भारतीय लिपी संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्र कानपूरच्या आयआयटीत आकारास आले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. त्या कामाच्या अग्रभागी मोहन तांबे होते. आपल्या कार्यालयांतून हिंदी पंधरवड्याची परिपत्रके ज्या ‘मंगल’ नावाच्या अक्षरांत निघतात, ती अक्षरे मुंबईच्या र. कृ. जोशी ह्यांनी घडविली. जोशी (१९३६–२००८) हे अक्षरांचे शिक्षक तर होतेच, पण मराठीचे कवीही होते. उत्तर हिंदुस्थानातील कचेऱ्यांच्या टेबलांवर रोज एका मराठी कवीचे अक्षर उमटते, आणि त्याच टेबलाशी बसलेला मराठी कारकून म्हणतो की यंत्राला मराठी येत नाही!

ज्यांच्यापाशी ही सबब खरोखरच होती, त्यांनी ती सांगितली नाही, हे तर अधिकच लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिशाच्या खिळ्यांचा काळ आठवावा. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू ह्यांच्या साह्याने जे सुबक खिळे पाडले, त्यांत जोडाक्षरे, मात्रा, रफार धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. जुळाऱ्यापुढे खणाखणांच्या केसा मांडलेल्या असत आणि हात सतत फिरता ठेवावा लागे. हा भार हलका व्हावा म्हणून टिळकांनी ‘केसरी’साठी खिळे घटविण्याचा खटाटोप केला, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे केली आणि ‘किर्लोस्कर’ने ती प्रत्यक्ष छापून दाखविली, १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीची जागाच बदलून पाहिली. टंकयंत्राची अडचण त्याहून मोठी होती. पन्नासाहूनही कमी कळांत सारी बाराखडी बसवावयाची! ह्या सुधारणांपैकी बहुतेक टिकल्या नाहीत, आणि त्या टिकल्या नाहीत ह्याचे आम्हांस दुःखही नाही. परंतु त्या लोकांनी अडचण समोर ठेवून विचार केला, श्रम केले, आणि एवढ्या संकोचातही ‘ळ’ला घराबाहेर काढले नाही. आम्ही स्वतः तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या वर्गात ‘मराठी तीस’ची परीक्षा लोखंडी यंत्रावर दिली. फीत सैल झालेली, दोन कळा अडकणाऱ्या, बाहेर पाऊस. परंतु ‘ळ’ होता. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकयंत्रे घडविण्यास प्रारंभ केला आणि २००९ मध्ये ते उत्पादन थांबविले. तेव्हापासून कळांची टंचाई हा प्रश्नच उरला नाही. आज हवी तेवढी अक्षरे फुकट आहेत. नेमक्या ह्याच वेळी आम्ही ती टाकून देत आहोत.

ह्यावर कोणी म्हणेल, की आम्हांस सवयच हिंदीची. हे मात्र अंशतः खरे आहे, आणि आम्हां नोकरदारांच्या बाबतीत तर त्याची व्यवस्थाच झालेली आहे. केंद्रीय सेवेत कारकुनाची परीक्षा देणाऱ्यास मिनिटाला इंग्रजीचे पस्तीस किंवा हिंदीचे तीस शब्द टंकित करून दाखवावे लागतात; मराठीचे किती, असे कुणी विचारीत नाही, आणि विचारावे अशी आमची मागणीही नाही. १९७६ च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात आहे व छत्तीसगढ ‘क’ क्षेत्रात. आम्ही ‘ख’ मधून ‘क’ मध्ये आलो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ही अधोगती म्हणावी की प्रगती, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. दहा ते सहा आम्ही दोन भाषांत टिपणे लिहितो, त्यांपैकी एकही आमची नव्हे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पगार त्याचाच मिळतो. पण संध्याकाळी सहानंतर जी ओळ लिहावयाची ती कोणत्या कळफलकावर लिहावी, ह्याविषयी सरकारने कोणताही नियम केलेला नाही. संगणकात किंवा मोबाईलमध्ये हिंदीच्या खाली मराठी हा पर्याय असतो. त्यावर बोट ठेवण्यास लागणारा वेळ पाव मिनिटाचा, आणि इन्स्क्रिप्ट हाताशी बसण्यास लागणारा काळ, रोज अर्धा तास धरला तर, तीन आठवड्यांचा. हा हिशेब आम्ही स्वतःवरून सांगतो.

आता आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांकडे वळू. त्यांच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे, आणि त्यांचे अक्षर पाहिले की आमच्या हातांची आम्हांस लाज वाटते. परंतु साहित्य हाताने लिहिले तरच साहित्य, हे त्यांचे मत आम्हांस मान्य नाही. त्यांच्या आजोबांनी बोरू टाकून टाक घेतला असेल, वडिलांनी टाक ठेवून झरणी खिशाला लावली असेल, आणि स्वतः त्यांनी सेवेची अर्धी वर्षे बॉलपेनने सह्या केल्या आहेत. त्या प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी नाक मुरडलेच असणार. कार्यालयात शाईच्या रंगालाही दर्जा असतो. हिरवी शाई वापरण्याची मुभा वरिष्ठांना असते, आमच्यासारख्यांनी निळ्याकाळ्यात राहावे. आता फायलीच संगणकावर गेल्या. तेथे पिवळी टीप कच्ची आणि हिरवी टीप पक्की. शाई गेली, रंगांची प्रतिष्ठा तेवढी राहिली! अशा रंगांवर साहित्याची प्रत ठरत नाही.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले ते पेन्सिलीने. तेथे शाईची दौत हाताशी नव्हती म्हणून त्यांनी ग्रंथ पुढे ढकलला नाही. सुटका १९१४ मध्ये झाली, हस्तलिखित काही काळ सरकारकडे अडकून पडले, आणि ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पेन्सिलीने लिहिला म्हणून त्यातील एकही विचार पुसट झाला नाही. साधन हलके असले तरी चालते. ते हाती धरणाऱ्याने अक्षर पुरे लिहिले पाहिजे.

मात्र साधनाने काहीच बिघडत नाही, असे म्हणणाऱ्या तरुण मित्रांनाही येथे थांबवून दोन गोष्टी विचाराव्या लागतील.

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक कागद आहे. तो मोडीत आहे. काही वर्षांपूर्वी भाऊबंदकीत त्याचे काम पडले, तेव्हा घरातील सात पदवीधरांपैकी एकासही त्यातील ओळ वाचता आली नाही. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना शोधून, पैसे मोजून, आमच्याच खापरपणजोबांनी काय लिहून ठेवले आहे ते विचारून घ्यावे लागले. दफ्तरांतून, कुलकर्ण्यांच्या वह्यांतून, सावकारांच्या खतावण्यांतून शतकानुशतके चाललेली ही लिपी छापखान्यांनी बालबोध अक्षर पत्करले तेव्हा मागे पडू लागली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून संपली. साधनाने लिपी मारली, ती अशी. आणि मारताना कुणी कुणावर सक्ती केली नव्हती. फक्त बालबोध सोयीचे होते.

तरुण मित्र म्हणतील, “मोडी गेली, तरी मराठी राहिली ना? तशी देवनागरी जाऊन रोमन आली तरी मराठी राहील.” युक्तिवाद चलाख आहे, पण लंगडा आहे. मोडीतून बालबोधीत येताना मराठीने काही गमावले नाही. ‘ळ’ला ‘ळ’ मिळाला, ‘ण’ला ‘ण’ मिळाला; मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, तो उलट बालबोधीत पाळला जाऊ लागला. घर बदलले, सामान सगळे आले, दोन भांडी अधिकच मिळाली. मोबाईलवरच्या रोमन अक्षरांत ‘ल’ आणि ‘ळ’ ह्यांना मिळून एक अक्षर, ‘न’ आणि ‘ण’ ह्यांना एक, ‘त’ आणि ‘ट’ ह्यांना एक, ‘द’ आणि ‘ड’ ह्यांना एक. तेथे ‘मन’ आणि ‘मण’ सारखेच, ‘दार’ आणि ‘डार’ सारखेच, ‘कल’ आणि ‘कळ’ सारखीच. ज्याने मराठी घरात ऐकून आत्मसात केली आहे, तो संदर्भाने ओळखतो. पण भिलाईच्या सेक्टरांत वाढणारी, शाळेत इंग्रजी व अंगणात हिंदी बोलणारी आमची मुले कशावरून ओळखणार? त्यांनी ‘ळ’ डोळ्यांनी पाहिला नाही तर कानांनीही तो ऐकू येईनासा होतो. आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी मागील वर्षी ‘बाल’ आणि ‘बाळ’ हे एकच असल्याचे आम्हांस आत्मविश्वासाने सांगितले.

ह्या चिरंजीवांचीच दुसरी गोष्ट. आमच्या आई सांगली जिल्ह्यात गावी असतात. शिक्षण चौथीपर्यंत, रोज सकाळी हरिपाठ वाचतात, वर्तमानपत्र आडवेतिडवे सगळे वाचतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना मोबाईल घेऊन दिला, आणि नातू आजीला रोज काहीबाही लिहू लागला. लिहू लागला ते रोमन अक्षरांत. कारण त्याचा बाप तसेच लिहीत असे. आजीला ती अक्षरे येत नाहीत. पहिले काही दिवस त्या मोबाईल घेऊन शेजारच्या वाण्याच्या मुलीकडे जात व नातवाने काय लिहिले ते वाचून घेत. पुढे मुलीची परीक्षा आली. त्यानंतर आई उत्तरादाखल फक्त हात जोडलेले चित्र पाठवू लागल्या. आम्ही समजलो, म्हातारपण आहे, बोटे चालत नसतील. दिवाळीत गावी गेलो तेव्हा खरा प्रकार कळला. आईने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाल्या, “बाळाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे लाज वाटते रे.” सातशे ओव्यांची पोथी जिला डोळे मिटून पानापानाने आठवते, तिला आम्ही, तिच्या पदवीधर मुलाने, निरक्षर करून ठेवले होते, आणि त्यासाठी आम्हांस काहीच करावे लागले नव्हते, केवळ आळस पुरला होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या संध्याकाळी आमच्या मोबाईलवर अभिनंदनाचे एकाहत्तर संदेश आले. त्यांतील अठ्ठेचाळीस रोमन अक्षरांत होते. आम्ही मोजले, कारकुनाची खोड.

आमच्या ह्या लिखाणाचा अर्थ कुणी हिंदीद्वेष असा काढील, म्हणून स्पष्ट करतो. आम्ही ज्या भूमीवर राहतो तिचा व मराठीचा संबंध भिलाईच्या कारखान्याहून जुना आहे. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली, परंतु १९५६ पर्यंत ह्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुराहूनच चालत असे. पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. हिंदी गद्याची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते, आणि टिळकांच्या त्या पेन्सिलीने लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांनीच केला. येथून पश्चिमेस राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अखेरच्या आजारापर्यंत अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीचे थोर कवी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी. एकाच घरातल्या दोघांनी दोन भाषा निवडल्या. त्यांनी त्या निवडल्या, हे आम्हांस येथे अधोरेखित करावयाचे आहे. हिंदी लिहावयाची तर सप्र्यांसारखी लिहावी, मराठी लिहावयाची तर मराठीसारखी. आमच्या ‘पुरणपोली’ने मात्र काहीच निवडलेले नव्हते, समोर जो कळफलक उघडा होता त्यावर ती लाटली गेली होती.

हिंदीवाल्यांचा ह्यात दोष नाही, ह्याचा पुरावा आम्हांस छापखान्यातच मिळाला. दुर्गच्या ज्या छापखान्यात स्मरणिका दिली, तेथील अक्षरजुळणी करणारा तरुण छत्तीसगढी होता, अकरा वर्षे त्याच यंत्रावर काम करीत होता. आमचा मजकूर पाहून तो म्हणाला, “सर, ये मराठीवाला अक्षर हमारे फाँट में नहीं होगा.” आम्ही म्हटले, शोधून तर पाहू. त्याच्या शेजारी बसून, शिफ्टची कळ धरून, आम्ही एकेक कळ दाबीत गेलो. आणि थोड्याच वेळात त्या जुन्या हिंदी फाँटातून ‘ळ’ पडद्यावर येऊन उभा राहिला. तो तरुण हसू लागला. अकरा वर्षांत तो कळीचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. ‘ऱ्य’ मात्र त्या फाँटात खरोखरच नव्हता, आणि ‘ॲ’च्या जागी रिकाम्या चौकटी येत होत्या. तेव्हा त्याने स्वतः होऊन सारा मजकूर युनिकोडच्या फाँटात घेतला, दोन पाने ओढूनताणून बसविली, आणि जादा आकार घेतला नाही. सर्व मिळून काम पाऊण तासाचे.

त्याच्या टेबलाच्या काचेखाली नमुन्यादाखल लग्नपत्रिका ठेवलेल्या होत्या. त्यांत मराठी घरांच्याही होत्या, आम्ही ओळखतो अशा. काळे ‘काले’ होऊन, केळकर ‘केलकर’ होऊन, मुळे ‘मुले’ होऊन आपापल्या लेकींची कन्यादाने करून गेले होते. आम्ही त्या तरुणास विचारले, ह्या लोकांपैकी कुणी तुला कधी ‘ळ’ मागितला होता काय? तो आठवू लागला आणि म्हणाला, “नहीं सर. प्रूफ पे साइन करके जाते हैं सब.”

म्हणून आमचे मागणे यंत्राकडे नाही, सरकारकडे नाही, छापखान्याकडेही नाही. ते आमच्या जातभाईंकडे, म्हणजे परप्रांतातल्या मराठी नोकरदारांकडे आहे. आपल्या मोबाईलमध्ये आज मराठी कळफलक लावावा. मुलांशी व आईवडिलांशी जे लिहावयाचे ते त्यावर लिहावे, चुकले तरी चालेल. आणि ह्यासारख्या नियतकालिकांच्या संपादकांनीही थोडे कठोर व्हावे. रोमन अक्षरांत आलेला लेख, तो कितीही चांगला असो, एकदा तरी लेखकाकडे परत पाठवावा. आम्ही स्मरणिकेच्या चौदा लेखकांच्या बाबतीत हे केले. पाच जण रागावले, त्यांनी लेख मागे घेतले. नऊ जणांनी देवनागरीत लिहून पाठविले, त्यांपैकी दोघांनी वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहून त्याचे छायाचित्र पाठविले; ते आम्ही आनंदाने घेतले.

राहिला आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांचा शाईने लिहिलेला लेख. तो आम्ही स्वतः टंकित केला, तीनदा तपासला, आणि अभिमानाने त्यांच्याकडे मुद्रितशोधनासाठी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, खिशातले लाल पेन काढले आणि दुसऱ्या पानावर दोन ठिकाणी खूण केली. दोन्ही ठिकाणी ‘काळ’चे ‘काल’ झाले होते. तेवढा भाग आम्ही कार्यालयातून येताना बसमध्ये मोबाईलवर उतरविला होता, आणि कळफलक हिंदीचा होता.